चवतीपर्यंत एक फूल

आमच्या घरात प्रत्येक जागेला मालक आहे. ओटीवरची आरामखुर्ची नवऱ्याची. तिच्यात दुसरं कुणी बसलं तर तो तोंडाने काही बोलत नाही, पण समोर उभा राहून खाकरत राहतो. पडवीतला झोपाळा माझ्या थोरल्या दिरांचा. ते मुंबईत राहतात, वर्षातून आठ दिवस येतात, पण उरलेले तीनशे सत्तावन्न दिवस झोपाळा त्यांचाच. माळ्यावर धाकट्या दिरांच्या ट्रंका. विहिरीच्या काठावर दुपारी शेजारची मांजर झोपते, तिला उठवायची कुणाची टाप नाही. आणि माझं काय, तर स्वयंपाकघर. आता मला सांगा, स्वयंपाकघर ही काय कुणी हौसेने मागून घेतलेली जागा आहे?

शाळेत तसं नव्हतं. चौतीस वर्षं मी प्राथमिक शिक्षिका होते आणि माझ्या वर्गात मुख्याध्यापकसुद्धा दारात थांबून "येऊ का बाई?" असं विचारायचे. निवृत्त झाले आणि पंधरा दिवसांत लक्षात आलं की मी घरात कुठेही उभी राहिले तरी कुणाच्या तरी वाटेत उभी असते. तेव्हाच मी ठरवलं, या घरात हातभर का होईना, पण माझी जागा पाहिजे.

त्याच दिवसांत कुणकेश्वराहून परत येताना आम्ही माझ्या एका जुन्या मैत्रिणीकडे चहाला थांबलो. तिच्या अंगणात छोटंसं तळं होतं आणि त्यात लिली फुललेल्या. गुलाबी, पिवळ्या, एक तर अगदी कोकमाच्या आगळासारखी लाल. पाण्यावर नुसत्या ठेवून दिल्यासारख्या. मी चहा गार केला. नवऱ्याने माझा चेहरा पाहिला आणि तिथेच म्हणाला, "झाला! आता ह्या आमच्या खळ्यात येतला."

खळं म्हणजे घरापुढचं आमचं अंगण. त्याच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात माडाची सुकलेली झावळं रचलेली असायची आणि त्या ढिगाखाली काय काय राहत होतं ते देवालाच ठाऊक. तो कोपरा मी मागितला. नवऱ्याने दिलाही, कारण त्याला वाटलं, चार दिवसांची हौस आहे, आपोआप उतरेल. माणूस तेहतीस वर्षं संसार करतो आणि बायकोला ओळखत नाही म्हणजे काय, ते असं.

दहा फूट बाय सहा फुटांचा खड्डा खणला. आमची जमीन जांभ्या दगडाची. पाणी ओतलं की दहा मिनिटांत "खंय गेला?" म्हणत शोधायचं. दोन दिवस मी विहिरीचा पंप लावून पाताळात पाणी सोडत होते. शेवटी गवंडी बोलावला, सिमेंटचा गिलावा केला, नव्या सिमेंटचा कडकपणा जावा म्हणून तीनदा भरून तीनदा उपसलं. मग कुरियरने लिलीचे गड्डे मागवले. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार काळपट तुकडे आले. नवऱ्याने एक उचलून हुंगला.

"गो, ह्या आला आसा. चायत घाल."

"आलं नाही ते. हार्डी लिली आहे ती. हार्डी म्हणजे चिवट, सहजासहजी न मरणारी."

"मगे बरा. ह्या घरात तुका सोबत झाली."

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि मग एक घोडचूक केली. दोष देऊ कुणाला? दोष माझा, पण सल्ला मासेवाल्या मावशीचा. ती रोज सकाळी दारात येते, पाटी उतरवते आणि मासळीबरोबर जगातल्या सगळ्या विषयांवर सल्ला देते. मी तिला विचारलं, या लिलीला खत काय घालावं? तिने कमरेवर हात ठेवला.

"बाई, तुमी माडाक काय घालतास?"

"मासळीची घाण आणि मीठ."

"मगे? ह्या फुलाक काय येगळा पोट आसा?"

मला ते एकदम पटलं. आमच्या किनाऱ्यावर माडाच्या मुळात माशांची डोकी, आतडी, खवलं पुरतात, वर जाडं मीठ टाकतात आणि माड नारळांनी लगडतो. लहानपणापासून तेच बघत आले. जे माडाला मानवतं ते चार बोटांच्या गड्ड्याला का मानवू नये? मावशीने दुसऱ्या दिवशी अर्धी पाटी बांगड्याची डोकी आणून दिली, प्रेमाने. मी प्रत्येक कुंडीत खाली डोकी, वर अंगणातली लाल माती, मध्ये गड्डा आणि वरून मिठाची मूठ असा बेत केला. कुंड्या पाण्यात सोडल्या, हात धुतले आणि फुलांची वाट बघत बसले.

तिसऱ्या दिवशी पाणी हिरवं झालं, पाचव्या दिवशी काळं. आठव्या दिवशी शेजारच्या काकी कुंपणापाशी आल्या आणि हळूच विचारू लागल्या, "काय गो, घरात सगळी बरी आसत मां?" तळ्याच्या काठावर नऊ मांजरं पंगतीला बसल्यासारखी बसायची, वर घारी फिरायच्या. नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा आरामखुर्ची ओटीवरून उचलून आत नेली. पंधराव्या दिवशी मी नाकाला पदर बांधून कुंड्या बाहेर काढल्या. चारही गड्डे उकडलेल्या बटाट्यासारखे बोटात फुटले. मासेवाल्या मावशीने तळ्यात डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "मीठ जरा कमी पडला काय?"

शिरा पडो तिच्या तोंडावर! पण त्या दिवशी सुरमई मात्र तिने सुरेख दिली, ते कबूल केलं पाहिजे.

मग पावसाळा आला आणि तळं नुसतं बेडकांचं झालं. आणि त्याच वर्षी चवतीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, ते प्रकरण झालं. चवतीला आमचं घर मुंबईकरांनी भरतं. दोन्ही दीर, दोन जावा, मुलं, सुना, नातवंडं आणि तीन गाड्या. रस्ता एवढासा. गाड्या कुठे लावायच्या यावर दरवर्षी महाभारत. थोरले दीर भर दुपारी गाडी मागे घेत होते, मागे धाकटे दीर "येऊ द्या, येऊ द्या" करत होते आणि "येऊ द्या" म्हणता म्हणता मागचं चाक धप्पकन माझ्या तळ्यात. सहा पुरुष गुडघाभर पाण्यात उतरून "हैश्या" करत होते. बेडूक टुणटुण उड्या मारत गाडीत. थोरले दीर चिखलाने माखून वर आले आणि म्हणाले, "अगं, हे तळं आहे की सापळा?"

सगळे हसले. नवराही हसला. मीही हसले, पण त्या संध्याकाळी नवऱ्याने सगळ्यांसमोर फर्मान काढलं.

"बाकीचा सगळा आयकलंय. आता फुडच्या चवतीपर्यंत माका एक फूल दाखय. एकच. नायतर थंयसर माती घालून मी गाडयेक जागा करतलंय."

"आणि फूल आलं तर?"

"तर काय? ऱ्हवतला तुझा तळा."

"तळं नुसतं राहणार नाही. तो कोपरा माझा. माझा म्हणजे माझा. मला विचारल्याशिवाय तिथे कुणी चप्पलसुद्धा काढायची नाही."

"बरा," तो म्हणाला. दीर साक्षीला होते.

हसण्यावारी चाललं होतं सगळं, पण खरं सांगते, मला आत कुठेतरी लागलं होतं. एवढ्या मोठ्या घरात दहा बाय सहाचा तुकडा मागितला, तोही वर्षाच्या बोलीवर. मी चार महिने रुसून तळ्याकडे पाहिलंच नाही. मग एक दिवस माझाच मला राग आला. चौतीस वर्षं पोरांना सांगत आले, उत्तर चुकलं तर खोडा आणि पुन्हा लिहा. आणि स्वतःची पाटी आली तेव्हा फुरंगटून बसले?

उन्हाळा लागेपर्यंत तळं उपसून, घासून घेतलं आणि मे महिन्यात मी कुडाळच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेले. नर्सरीवाल्याने माझी सगळी हकीकत ऐकली. मीठ म्हटल्यावर त्याने डोक्याला हात लावला, बांगड्याची डोकी म्हटल्यावर खाली बसला.

"बाई, ही काय माडाची बहीण आहे?"

मग त्याने नीट समजावलं. मीठ अजिबात नको. खत चिमूटभर, तेही झाड लागल्यावर. माती चिकट, जड पाहिजे, आमची भुसभुशीत लाल माती नाही. गड्डा तिरपा लावायचा, शेंडा मातीच्या वर उघडा ठेवायचा, वर बारीक खडीचा थर. पाच-सहा तास ऊन. फूल सकाळी उन्हाबरोबर उघडेल, दुपार कलली की मिटेल, तीन-चार दिवस असं करेल आणि मग पाण्याखाली जाईल. मी सगळं वहीत लिहून घेतलं आणि चार नवे गड्डे घेतले. दोन गुलाबी, एक पिवळा, एक लाल.

आता चिकट माती आणायची कुठून? नर्सरीतून पिंगुळीवरून घरी येताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गणपतीची शाळा! म्हणजे मूर्ती करायचा कारखाना. आमचा गणपती दरवर्षी जिथून येतो त्या मूर्तिकाराकडे मी पिशव्या घेऊन हजर झाले. मागच्या वर्षीची उरलेली माती त्याच्याकडे कोपऱ्यात सुकून पडली होती.

"बाईनू, माती कित्याक? औंदा घरातच मूर्ती करतालास काय?"

मी कारण सांगितलं. त्याला काही ते झेपलं नाही, पण माती दिली. पिशवी उचलताना मात्र बजावलं, "हे मातयेक पाय लावू नकात हां. देवाची आसा ती."

त्यामुळे झालं काय, पायाने तुडवून दहा मिनिटांत झाली असती ती माती मी दोन सकाळी हाताने मळली. भाकरीच्या पिठासारखी. कंबर धरली, मनगटं सुजली. नवरा खुर्चीतून बघत होता. "गो, मोदक करतंस काय?" मी एक गोळा त्याच्या दिशेने भिरकावला. नेम चुकला, पण समाधान झालं.

पंधरा दिवसांत पहिलं पान वर आलं, विड्यासारखं गुंडाळलेलं. पाण्याला टेकलं आणि उलगडलं. मी एवढी हरखले की दूध उतू गेलं. जुलैत पानांनी अर्धं तळं झाकलं. डास होऊ नयेत म्हणून आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडले. पण फुलाचा पत्ता नाही. ऊनच नव्हतं, तर ते बिचारं काय करणार? मी छत्री घेऊन काठावर उभी राहायची आणि झाडांना वर्गातल्यासारखी झापायची. "पानंच पानं काय दाखवता? उत्तर कुठे आहे?" रस्त्याने जाणारे लोक वाट बदलायचे.

रोज सकाळी नवरा चहा घेताना विचारायचा, "इला काय फूल?" रोज मी म्हणायची, "येईल." श्रावण लागला, ऊन-पाऊस सुरू झाला, तशी माझी धाकधूक वाढली. थोरल्या दिरांचा फोन आला, यंदा गाडी मोठी घेतली आहे म्हणून. फोन ठेवल्यावर नवरा तळ्यापाशी गेला आणि पावलांनी लांबी मोजून आला. मला तेव्हा रडूच फुटायचं राहिलं.

चवतीला नऊ दिवस होते तेव्हा कळी दिसली. गुलाबी गड्ड्याच्या मुळाशी, पाण्याखाली, सुपारीएवढी. अगो बाय माझे! मी तोंडावर हात दाबून धरला. कुणालाही सांगितलं नाही. रोज सकाळी पाण्यात वाकून बघायची. रोज ती बोटभर वर यायची. चवतीच्या आदल्या दिवशी ती पाण्याच्या वर येऊन उभी राहिली, टोकाला गुलाबी रेघ दाखवत.

त्या संध्याकाळी मुंबईकर आले. थोरल्या दिरांनी नवी गाडी देवळाच्या आवारात लावली आणि पाय धुण्याआधी तळ्यावर आले. वाकून पाहिलं.

"ही कळी आहे. फूल नाही."

माझा चेहरा पडला असणार, कारण नवरा मध्येच म्हणाला, "चवथ उद्या आसा, दादा. उद्या सकाळपर्यंत येळ आसा तिका." हे तो बोलला ते खरं आहे, ते मी नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आम्ही तिघी जावा स्वयंपाकघरात. मोदक, अळूची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. बाहेर ऊन पडलेलं मला खिडकीतून दिसत होतं. मनाशी ठरवलं होतं, नऊ वाजले की पाच मिनिटं बाहेर जायचं, आधी एकटीने डोळे भरून बघायचं आणि मग नवऱ्याला हाताला धरून आणायचं. पण खोबरं खवून होईना, उकड जमेना, कुणाला चहा, कुणाला गरम पाणी. साडेनऊ वाजले. मी पिठाचे हात तसेच घेऊन पळत खळ्यात गेले.

फूल नव्हतं. दोन पानांच्या मध्ये नुसता देठ होता, सुरीने तिरका कापलेला.

"कुणाचं काम हे?" मी अशी ओरडले की खळ्यात खेळणारी पोरं दगड होऊन उभी राहिली. त्यातल्या एकीने घाबरत घाबरत घराकडे बोट केलं. मी आत गेले.

गणपतीसमोर नवरा सोवळं नेसून बसला होता, भटजी समोर पोथी उघडून. आणि गणपतीच्या पायांवर माझं फूल. पूर्ण उमललेलं, गुलाबी, मध्ये पिवळाधमक पराग. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर नुसता आनंद.

"बघलंस? जिंकलंस गो तू! पयला फूल. मिया तुझ्या आधी बघलंय नि थेट देवाक हाडलंय!"

माझ्या तोंडून शब्द सुटले ते थांबेनात.

"मी पाहिलंसुद्धा नाही ते! वर्षभर राबले, कंबर मोडून माती मळली, आणि माझं पहिलं फूल तळ्यात कसं दिसतं ते मी पाहिलं नाही. तुम्ही कोण तोडणारे?"

भटजींनी पोथीत तोंड घातलं. थोरल्या जाऊबाई हळूच म्हणाल्या, "अगं, देवालाच तर दिलं ना?"

"देवाला मी दिलं असतं! हे ह्यांनी दिलं."

आणि मी स्वयंपाकघरात गेले. रडले, सरळ रडले. वाफ डोळ्यात गेली असं सांगायचीही गरज वाटली नाही. धाकट्या जाऊबाईंनी गुपचूप माझ्या हातातली उकड काढून घेतली. मी जिंकले होते, तळं राहणार होतं आणि तरी मला ठाऊक होतं की काहीच बदललेलं नाही. तो कोपरासुद्धा त्याचाच. सुरी घेऊन जायला त्याला विचारावं लागलं नाही.

आरतीला मात्र मी बाहेर आले, दारात उभी राहिले. आरती झाली. त्यानंतर गाऱ्हाणं. घरातल्या मोठ्याने देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने बोलायचं आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरायचा, अशी आमच्याकडची रीत. दरवर्षी ते थोरले दीर घालतात. ते पुढे झालेही. तेवढ्यात नवरा म्हणाला, "दादा, आज मिया घालतंय."

त्याने हात जोडले.

"बा गणपती म्हाराजा! आज लेकरांनी जी काय मोडकीतोडकी सेवा केली ती गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबयसून इल्ली पोराबाळा सुखी ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्याने घसा खाकरला.

"आनि म्हाराजा, आज सकाळी माझ्याकडसून एक चूक झाली. माझ्या बायलेन वरसभर राबान एक फूल फुलयल्यान. ता मी तिका न इचारता तोडलंय, नि माझा आसल्यासारखा तुका व्हायलंय."

यावर होकार भरायचा की नाही, कुणालाच कळेना. थोरल्या दिरांचं तोंड उघडं. मग मागून पोरांनीच आवाज दिला, "व्हय म्हाराजा!"

"ता फूल माझा नाय होता. ता तिच्या नावान घे, नि माका माफी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"खळ्यातलो तो कोपरो आजपासून तिचो. थंयसर तिका इचारल्याशिवाय कोणी हात घालूचो नाय, कोणी गाडी लावची नाय. मी नाय, दादा नाय. नि कोणी केल्यानच, तर तेका तू बघून घी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दादांचा आवाज किंचित उशिरा आला, पण आला.

नवरा हात जोडलेलेच ठेवून मागे वळला आणि माझ्याकडे पाहत राहिला. गाऱ्हाण्याला घरातल्या सगळ्यांचा होकार लागतो आणि माझा अजून झाला नव्हता. सगळं घर माझ्याकडे बघत होतं. मी हाताचं पीठ पदराला पुसलं. सावकाश, एकेक बोट. त्याला उभं राहू दिलं तसंच.

मग मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."